पाचवी विद्यार्थिनी

माझे काका विद्यापीठात प्राचीन ग्रीक काव्य शिकवत. हे ऐकलं की लोक पोटापाण्याचं विचारतात, म्हणून आधीच सांगते: पगार वेळेवर होई. अडचण विद्यार्थ्यांची होती. पटावर पाच नावं नसली तर विषय बंद, असा नियम होता आणि त्या वर्षी चारच होती.

काका घरात तोंड पाडून बसले. तीस वर्षं ज्या कवितांवर जीव टाकला त्या आता कपाटात जाणार म्हणून त्यांना जेवण जाईना. काकूने दोन दिवस हे बघितलं. तिसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतून आपलं पदवीचं प्रमाणपत्र शोधून काढलं आणि स्वतःचं नाव घालून आली.

ती पहिल्या बाकावर बसे. काका डस्टर आपटून ओळींचा ठेका धरत आणि खडूची सगळी धूळ तिच्या वहीवर उडे. घरी "अगं" म्हणणारे काका वर्गात तिला "बाई, तुम्ही वाचा" म्हणत, तेव्हा बाकीच्या चौघांना हसू आवरत नसे.

एकदा देवांची वंशावळ चालली होती. एक देव आपली पोरं जन्मताच गिळायचा. शेवटच्या खेपेला बायकोने पोर लपवलं आणि दुपट्यात गुंडाळलेला दगड नवऱ्याला दिला.

"आणि त्याला कळलं नाही?" काकूने विचारलं.

"नाही. गिळला."

"पटतं," काकू चौघांकडे वळून म्हणाली. "आमच्याकडेही ताटात काय वाढलंय ते न बघताच जेवतात."

पुढचा आठवडाभर काका ताट निरखून जेवले.

परीक्षेत नेमकी हीच गोष्ट आली. मला ती चार वेळा रंगवून सांगणाऱ्या काकूने पेपर कोरा दिला. तपासायला ग्रीक येणारं दुसरं कोणी नसल्याने तो काकांकडेच आला.

"तुला हे येत नव्हतं?" काकांनी घरी विचारलं.

"ऐन वेळी डोक्यातून गेलं," काकू भाजी चिरत म्हणाली. "नापास झालेल्याचं नाव पुढच्या वर्षीही पटावर राहतं ना?"

काकांनी चष्मा पुसला आणि पेपरवर मोठा भोपळा काढला.

काकू सलग सहा वर्षं नापास झाली. काका निवृत्त झाले त्या वर्षी ती वर्गात पहिली आली.