बॉयलर हाउसला वळसा

आमच्या सरांना चालायचं भारी वेड. बहारीनमधल्या सित्रातल्या आमच्या प्लांटमध्ये ऑफिसमधून कँटीनला जायला बॉयलर हाउसच्या अगदी लगत सरळ रस्ता आहे. सर मात्र ऑगस्टच्या उन्हातसुद्धा मागच्या कुंपणाकडून मोठा वळसा घालून यायचे. "डॉक्टरांनी सांगितलंय गं, शुगर आहे," म्हणायचे. त्यावरून मी त्यांची खूप चेष्टा केली आहे.

सर पुण्याचे, साठीला टेकलेले. प्लांटमध्ये परवाना असलेले मेकॅनिकल इंजिनिअर ते एकटेच, त्यामुळे तपासणीच्या कागदांवर त्यांचीच सही चालायची. मार्चमध्ये ते रिटायर होणार होते आणि मी परवान्याच्या परीक्षेला बसावं म्हणून हात धुऊन माझ्या मागे लागले होते. स्वतःची पुस्तकं दिली, फी कंपनीकडून भरून घेतली, अभ्यासाला रजा मिळवून दिली. काय देवमाणूस आहे, असं मला वाटायचं. शिवाय पास झाले नाही तर माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नव्हतं, आणि नवऱ्याचा नि लेकीचा व्हिसा माझ्याच नोकरीवर होता.

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, हमद टाउनच्या घरी मी गणितं सोडवत बसायचे. नवरा स्वयंपाकघरात, आणि दाराबाहेरून लेकीचं सारखं, "मम्मा, आर यू डन?" पुस्तकातले आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत. म्हणून कॉलेजपासूनची माझी खोड अशी, की पंप असो नाहीतर पाइप, ओळखीच्या यंत्राचे आकडे घालायचे. सेफ्टी व्हॉल्व्हचं गणित आलं तेव्हा मी आमचाच बॉयलर घेतला. दाब हाताबाहेर गेला की हा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफ बाहेर सोडतो, नाहीतर बॉयलर फुटेल. आदल्या वर्षी बॉयलरला मोठा बर्नर बसवला होता, तो आकडा घातला. उत्तर आलं, व्हॉल्व्ह लहान पडतोय.

मी स्वतःवरच चिडले. परीक्षेत सगळं पौंडात आणि फॅरनहाइटमध्ये, तिथेच माझी नेहमी गल्लत होते. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दुपारपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं.

रविवारी ऑफिसात कागद सरांपुढे ठेवला. "कुठे चुकले, बघा ना."

त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "चुकली नाहीस."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"बर्नर बदलला तेव्हाच वर सांगितलं. आधी प्लांट चालू करा म्हणाले. मग केली सही." आणि अगदी मायेने म्हणाले, "तू पास हो. पुढची सही तुझी. तेव्हा घे की बदलून."

"आणि तोवर?"

"इंशाल्ला."

मला इतका संताप आला, की त्यांची पुस्तकं त्यांच्याच अंगावर फेकावीत. फेकली नाहीत, कारण परीक्षा तोंडावर होती. घरी सांगितलं तेव्हा नवरा भाजी चिरायचा थांबला.

"सही नाही केलीस तर?"

"तर खलास. सामान बांधायचं."

"आणि केलीस तर?"

मी त्याच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली भाजी चिरायला लागले. नापासच व्हावं असंही वाटायचं, पण मग लेकीची शाळा आठवायची आणि मी पुन्हा पुस्तक उघडायचे. बॉयलरचा आवाज इतकी वर्षं माझ्या कानांना कळतही नव्हता. आता तो ऑफिसच्या बंद दाराआडूनही ऐकू यायला लागला. जरा बदलला की माझा हात थांबायचा.

परीक्षेत तेच गणित आलं, फक्त आकडे वेगळे. झटक्यात सुटलं.

पास झाल्याचं कळलं त्या दिवशी सरांनी माझे दोन्ही हात धरले. "सुटलो गं," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जेवायच्या सुट्टीत आम्ही बरोबरच निघालो. बॉयलर हाउसच्या कोपऱ्यावर ते सवयीने कुंपणाकडे वळले, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शुगर कसली!

आतून ऑपरेटरांच्या हसण्याचा आवाज येत होता.

"सर," मी म्हटलं, "आज सरळ चला ना माझ्याबरोबर."

ते थांबले, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"नको गं," म्हणाले. "माझे आता थोडेच दिवस राहिलेत इथले."