जयंतीच्या पत्रकासाठी दाबून ठेवलेला निकाल

तुमच्या वस्तीचं पाणी खराब आहे हे तुम्हाला आज कळलं, तर शेजारच्या दारात जाऊन सांगाल, की आधी मथळा शोधाल?

मी मथळा शोधला.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी मार्चच्या सुरुवातीला भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावी आले होते. तपासणीच्या बाटलीत पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं, तर त्यात मैला मिसळत असणार. बौद्ध वस्तीतल्या आमच्या हापशाची बाटली दुसऱ्या सकाळीच डांबरासारखी झाली. वरच्या आळीतल्या नळाची स्वच्छ राहिली.

मला संताप आला. खरं सांगायचं तर आनंदही झाला. मी अक्षरं गिरवली तीच वडील जयंतीला वाटायचे त्या पत्रकांवर. दोन बाटल्यांचे फोटो शेजारी-शेजारी, चौदा एप्रिलला, गर्दीच्या हातात! आधी बोललो तर ग्रामपंचायत हापशात औषध टाकून मोकळी होईल, म्हणून गप्प राहायचं, असं मी वडिलांना बजावलं. घरात मात्र मी पाणी उकळायला लागले. शेजारची मावशी हसली, शहरात राहून माझं पोट नाजूक झालं म्हणाली. मीही हसले.

पुढच्याच आठवड्यात तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली. हापशाचंच पाणी प्यायली. जयंती चार दिवसांवर असताना तिचे डोळे पिवळे झाले. जालन्याच्या दवाखान्यात ती वाचली, बाळ गेलं.

पत्रक ठरल्या दिवशी वाटलं गेलं. मावशी लेकीला घेऊन परतली तेव्हा एक तिच्या दारात पडलेलं होतं. तिला वाचता येत नाही. फोटोवर बोट ठेवून तिनं विचारलं, “ह्यो कवा काढल्ता?”

मी खरं सांगितलं.

“मंग मला का न्हाई बोललीस, बाई? चुलीवर पातेलंच तर ठिवायचं व्हतं.”

कावीळ त्याच पाण्यामुळे झाली, हे माझी बाटली सिद्ध करत नाही. हे वाक्य तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं. समाजासाठी विज्ञान, असं मी किती सभांत ओरडले आहे. आणि एका भिंतीपलीकडे ते पोचवलं नाही.

तुम्ही जीवशास्त्र शिकत असाल किंवा शिकवत असाल, तर या आठवड्यात तुमच्या वस्तीचं पाणी तपासा. निकाल हाती आला की त्याच दिवशी दारोदार जाऊन सांगा. गरोदर बाई आहे, त्या घरी आधी जा.