कॉलनीच्या बॅडमिंटनचा अकरावा नियम

आमच्या कॉलनीच्या बॅडमिंटन स्पर्धेचे नियम मी लिहिले, हे मी पूर्वी येताजाता मिरवायचे. कॉलेजात असताना मी विद्यापीठाच्या संघातून खेळले होते आणि तेवढ्या भांडवलावर आपल्याइतकं खेळातलं इथे कोणालाच कळत नाही असा माझा ठाम समज होता. दोन पानांत नियम बसवून मी ते समाजभवनाच्या फळ्यावर चिकटवले होते. सामने सकाळी साडेसहाला, कारण नऊनंतर मैदानावर वारा सुटतो. शटल कडुलिंबात अडकलं तर गुण पुन्हा खेळायचा. कुत्रं कोर्टात शिरलं तरी पुन्हा. खेळाडूचा मोबाइल वाजला तर मात्र गुण समोरच्याला, कारण त्याशिवाय लोक सुधारत नाहीत. सामना चालू असताना अंपायरनं खेळाडूशी बोलू नये. आणि रेषेवरून भांडण झालं तर बूच पाहावं.

बूच पाहणं ही आमच्याकडची खास पद्धत. आमचं कोर्ट म्हणजे साधं मातीचं मैदान. त्यावर कोरड्या चुन्यानं रेषा आखायच्या. तिसऱ्या गेमपर्यंत बुटांखाली त्या अर्ध्या पुसून जातात आणि शटल आत पडलं की बाहेर, यावरून चांगले पेन्शनर लोक हमरीतुमरीवर येतात. पण शटल रेषेवर पडलं असेल तर त्याच्या बुचाला चुना लागतोच. म्हणून अंपायरनं शटल उचलायचं, बूच पाहायचं, सगळ्यांना दाखवायचं आणि मगच पुसून पुढच्या सर्व्हिसला द्यायचं. दाखवल्याशिवाय पुसायचं नाही, ही ओळ मी मुद्दाम अधोरेखित केली होती.

अकरावा नियम असा होता: पन्नाशीच्या पुढच्या खेळाडूंनी डॉक्टरांचं पत्र आणावं. सगळे नियम मी कॉलनीसाठी लिहिले, हा एक फक्त एका माणसासाठी लिहिला आणि तो माणूस माझ्याच घरात राहत होता.

ऑगस्टमध्ये माझ्या नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसवला होता. कॉलनीला आम्ही सांगितलं की पुण्याला लेकीकडे गेलो होतो. हा त्यांचा हट्ट. एकदा का लोकांना कळलं, की ते आपल्या हातातली भाजीची पिशवीही काढून घेतात आणि मग आपण माणूस उरत नाही, पेशंट होतो, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. खेळायचं असेल तर हळूहळू, गंमत म्हणून, पण वर्षभर मॅच नको, असं माझ्यादेखत बजावलं होतं. यांनी तिथे मान डोलावली आणि डिसेंबरात स्पर्धेच्या दुहेरीत नाव दिलं.

मी चिडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. "मी नेटवरच उभा राहतो, मागचं सगळं पार्टनर पाहते," म्हणाले. "तू काहून इतकी घाबरून राहिली?"

काहून म्हणजे काय? त्या ऑगस्टपासून मी नीट झोपलेच नव्हते. त्यांच्या पाठीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते बघायचे. न्हाणीघरात जास्त वेळ लागला की दारावर थाप मारायचे. जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या खेळाच्या पिशवीतल्या छोट्या कप्प्यात असायची आणि रोज सकाळी मी ती पट्टी काढून गोळ्या मोजायचे. दहा भरल्या की दिवस सुरू करायचे.

म्हणून तो अकरावा नियम. पण बैठकीत त्याचं हसं झालं. "वहिनी, आम्ही काय म्हातारे झालो काय?" म्हणत सेक्रेटरींनी दंड फुगवून दाखवला. मतदान घेतलं तेव्हा विरोधात पहिला हात माझ्या नवऱ्याचा वर गेला. वर माझ्याकडे बघून हसलेही. मला सगळ्यांसमोर ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मी शब्द दिला होता. शेवटी अकराव्या नियमाच्या जागी एक कागद आला: मी माझ्या जबाबदारीवर खेळत आहे. त्यावर यांनी ऐटीत सही ठोकली.

उपांत्य सामन्याचं अंपायरिंग मी मागून घेतलं. नवऱ्याच्या सामन्याला बायको अंपायर कशी, असा प्रश्न निघालाच. सेक्रेटरी म्हणाले, "नवऱ्याच्या बाजूनं निर्णय देणारी बाई या कॉलनीत अजून यायची आहे." सगळे हसले. मी उंच स्टुलावर जाऊन बसले ती फक्त त्यांच्या जवळ असावं म्हणून.

जानेवारीतली सकाळ होती, तोंडातून वाफ निघत होती. समोर जरीपटका बाजारात कापडाचं दुकान असलेले गृहस्थ आणि त्यांचे मेहुणे. पहिला गेम आम्ही घेतला, दुसरा त्यांनी. आम्ही म्हणते आहे, पण मला हरण्या-जिंकण्याचं काही पडलेलं नव्हतं. मी गुण पुकारत होते आणि यांच्या ओठांचा रंग बघत होते. नेटवरच उभं राहायचं वचन दुसऱ्या गेमच्या मध्यावरच हवेत विरलं होतं. ते मागे धावत होते, उड्या मारत होते, वीस वर्षांचे असल्यासारखे.

तिसऱ्या गेममध्ये आठ गुणांवर बाजू बदलल्या. तेव्हा त्यांनी पाठ फिरवून पिशवीतून टॉवेल काढला आणि तोंडात काहीतरी टाकलं. वेलची असेल म्हटलं, त्यांना वेलचीची सवय आहे. पण परत येताना त्यांनी उजव्या हातानं डावा खांदा चोळला. एकदाच चोळला.

ते स्टुलाजवळून जाताना मी हळूच विचारलं, "काही होऊन राहिलं काय तुम्हाले?"

"अंपायरनं खेळाडूशी बोलू नये," ते म्हणाले. "सहावा नियम. तूच लिवला."

शेजारी बसलेल्या बायका खो खो हसल्या. मीही दात दाखवले. गुणांचा कागद मांडीखाली दाबून धरला. सामना थांबवते, असं पाच वेळा ठरवलं. थांबवला की कारण द्यावं लागणार, कारण दिलं की शब्द मोडणार. आणि समजा काहीच झालेलं नसलं, नुसता खांदा अवघडला असला, तर ते मला जन्मात माफ करणार नाहीत. तेराला चौदा झाले. समोरच्यांचे चौदा, आणि गेम पंधराचा.

मग तो लांबलचक गुण सुरू झाला. शटल इकडून तिकडे जात राहिलं, कोणी सोडायला तयार नाही. माझ्या नवऱ्याचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. शेवटी त्यांनी सगळा जीव काढून स्मॅश मारला. शटल समोरच्या मागच्या रेषेवर पडलं. माझ्या डोळ्यांसमोर चुन्याची बारीक भुकटी उडाली.

आत म्हटलं की चौदा-चौदा. मग दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंत सतरापर्यंत खेळायचं, हाही माझाच नियम.

"बाहेर!" मी ओरडले.

दुकानवाले गृहस्थ रेषेला खेटून उभे होते आणि माणूस सरळ. ते म्हणाले, "वहिनी, बूच पाहून घ्या एकदा."

मी स्टुलावरून उतरले. त्या दहा पावलांत मला दुसरं काही सुचलं नाही. खाली वाकले, सगळ्यांकडे पाठ केली, शटल उचलता उचलता बुचावरून अंगठा फिरवला आणि मग हात उंच करून दाखवलं. "कोरं आहे."

अंपायरचा निर्णय अंतिम. टाळ्या वाजल्या. नवरा माझ्याकडे बघत नेटशी उभा होता. भांडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी समोरच्यांशी हात मिळवले आणि बाहेर आले. मांडवात पोहे होते, वर चण्याची झणझणीत तर्री, सोबत कोणाच्या तरी घरचा भिवापुरी मिरचीचा ठेचा. यांनी प्लेट हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. पोहे न खाता हा माणूस कुठून उठून आल्याचं मला आठवत नाही.

घर दोन गल्ल्या सोडून. त्यांची पिशवी मी घेतली, त्यांनी ती घेऊ दिली. फाटकाशी आल्यावर किल्लीसाठी मी छोटा कप्पा उघडला. पट्टी हाताला लागली. सकाळी दहा मोजल्या होत्या. आता नऊ होत्या. एक चांदीचा कागद फाटून वर आला होता.

मी पट्टी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी पट्टीकडे पाहिलंच नाही. ते माझ्या अंगठ्याकडे बघत होते. त्यावर चुना होता, नखाच्या कडेपर्यंत पांढरा.

"शटल आत होतं," ते म्हणाले.

"हो."

"तुले दिसलं होतं."

"दिसलं होतं."

आता काय बोलतील या भीतीनं मी डोळे मिटून घेतले. संसाराच्या एवढ्या वर्षांत मी त्यांना फसवलं नव्हतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता, आखूड, तुटका. मग त्यांनी माझा तो चुन्याचा हात धरला आणि आपल्या छातीवर, डाव्या बाजूला नेऊन ठेवला.

"दुखून राहिलं वं," ते म्हणाले. "दुसऱ्या गेमपासून."

मी त्यांना पायरीवर बसवलं, दुसरी गोळी जिभेखाली दिली आणि गाडी काढली. त्यांच्या खेळाच्या बनियनवर डाव्या बाजूला माझा पांढरा अंगठा उमटला होता. दवाखान्यात पोहोचेपर्यंत रस्त्यावरून नजर काढून मी पुन्हा पुन्हा तेवढ्याच एका ठिपक्याकडे बघत होते, वर जातो, खाली येतो, वर जातो.