कोट खुर्चीवर, मास्तर जमिनीवर

जगन्नाथ शिंगटे गेल्याची बातमी मला पार्सलांच्या ढिगाऱ्यात कळली. मिरज स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मी कारकून आहे. पुण्याकडून आलेल्या गाडीच्या गार्डनं कापडाचे गठ्ठे उतरवून दिले, पावतीवर माझी सही घेतली आणि मग खाली बघत म्हणाला, "कोरेगावच्या स्टेशनमास्तरांचा निरोप आहे. तुमचे ड्रॉइंगमास्तर काल दुपारी वारले." मी त्याच पावतीवर पुन्हा एक सही केली. माझ्या टेबलाच्या खणात जगूचं शेवटचं कार्ड तसंच पडलं होतं. त्यात लिहिलं होतं, "सिनेमाचा तंबू पुढच्या महिन्यात येतोय. रजा टाक. तोवर मी टिकतो." टिकला नाही... या गोष्टीला आता पाच आठवडे होतील. रडून झालं. आता उरला आहे तो राग, आणि हा मजकूर मी रागातच लिहितो आहे, हे वाचकांना आधीच सांगून टाकतो.

राग कशाचा, तर साताऱ्याच्या शोकसभेचा. जगू कोरेगावाहून रोज जाऊन-येऊन ज्या शाळेत अठरा वर्षं चित्रकला शिकवत होता, त्या शाळेनं ती भरवली होती. हेडमास्तर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "कैलासवासी शिंगटे यांना चित्रपटांची आवड होती; परंतु ती केवळ भक्तिपटांची. हल्लीच्या हिडीस भुताखेतांच्या आणि हाणामारीच्या बोलपटांना त्यांनी कधी स्पर्श केला नाही." पहिल्या रांगेत जगूचे थोरले बंधू मान डोलवत होते. माझ्या पिशवीत जगूची साठेक कार्डं होती, आणि त्यांतल्या पन्नासांत तरी भूत, कवटी, मुखवटेवाला किंवा चाबूक मारणारी घोडेस्वार बाई होती. मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो, "मोठे मनमिळाऊ होते," म्हणालो आणि खाली बसलो. माझ्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे!

एवढ्यावर भागलं नाही. सभेनंतर हेडमास्तरांनी माझ्याकडून ती कार्डं मागून घेतली. महिन्याच्या दिवशी शाळेनं चार पानांची स्मरणपत्रिका काढली, तिच्यात "कै. शिंगटे यांची रसिकता" म्हणून एकच कार्ड छापलं होतं : "आज भक्तिपट पाहिला. पडद्यावरचं देऊळ फार सुंदर रंगवलं आहे." एवढंच. पुढचं वाक्य गाळलं होतं. ते मी इथं देतो : "पण देव प्रकट झाले आणि मला जी झोप लागली, ती शेजाऱ्यानं गदागदा हलवलं तेव्हा मोडली." अर्धं कार्ड छापून पुरा माणूस खोटा करायचा, याला साताऱ्यात रसिकता म्हणतात काय? भुताचा सिनेमा बघणं म्हणजे काही दरोडा नव्हे. मी कार्डं तेवढी भांडून परत आणली.

आमची ओळख पार्सल ऑफिसातच झाली. फिरत्या तंबूवाल्यांच्या रिळांचे पत्र्याचे डबे मिरजेहून वर-खाली जात. एकदा रहिमानभाई या तंबूवाल्याबरोबर एक उंच, किडकिडीत गृहस्थ आले आणि मालकापेक्षाही अधिक काळजीनं डब्यांवरून हात फिरवायला लागले. मला वाटलं, हे भागीदार असावेत. "न्हाई वो," रहिमानभाई म्हणाले, "ह्ये मास्तर हायेत. भूत येनार म्हनल्यावर कोरेगावास्नं घ्यायला आल्यात." मला सिनेमाचं काडीचं वेड नव्हतं. जगूनं ते लावलंही नाही. त्यानं मला फक्त कार्डं पाठवली, आणि रजा मिळाली की कोरेगावच्या तंबूत शेजारी बसवलं.

शेजारी म्हणजे जमिनीवर. जगू शाळामास्तर, तेव्हा गावात मान म्हणून रहिमानभाई त्याच्यासाठी पुढून तिसरी खुर्ची राखून ठेवायचे. जगू यायचा, शाळेचा काळा कोट काढून त्या खुर्चीच्या पाठीवर नीट अडकवायचा आणि स्वतः पुढं जाऊन मातीवर मांडी घालायचा. "कोट मास्तर हाय, त्याला बसू दे वर," म्हणायचा. "भ्या खालीच असतं रं गड्या. खुर्चीवर बसलं की मानूस भ्यायच्या आधी शेजारच्याकडं बघतंय."

तंबूत यंत्र एकच. एक रीळ संपलं की बत्ती लागायची आणि दुसरं चढेपर्यंत पाच-सात मिनिटं सगळे पडद्याकडं पाठ करून जगूकडं तोंड करायचे. मधल्या कनातीपलीकडं बायकांची बाजू, तिथूनही प्रश्न यायचे. मग जगू बसल्या जागेवरून निकाल द्यायचा. त्याची मतं ठाम होती आणि ती बदलायला त्याला फारसं कारण लागत नसे. भूत बोललं की संपलं, असं तो म्हणे. पांढऱ्या साडीला कुणी भीत नाही, फरशीवरच्या ओल्या पावलाला भितं. आमचं भूत गातं, याबद्दल त्याची तक्रार नव्हती, पण रानात त्याच्यामागं पेटी कोण वाजवतंय, एवढं त्याला कळायला हवं होतं. एका पटातल्या वानराच्या सोंगाची पाठीवरची शिवण उसवलेली दिसत होती, त्यावर सगळे हसले. जगूनं मला कार्डावर लिहिलं : "शिवण दिसली, आतला सदरा दिसला, आणि तरी सोंग खिडकीत आल्यावर मी शेजाऱ्याचा दंड धरला. याला म्हणतात काम." आणि शेवटी भूत म्हणजे मुनीमच निघाला, असा पट लागला की त्याच्या संतापाला सीमा नसे. "बोलावलं भुताच्या नावानं, आन् दाखवला मुनीम!" असं म्हणत तो घरापर्यंत चालत जायचा. या माणसानं भुतांना स्पर्श केला नाही म्हणे!

शाळेत याची किंमत त्यानं मोजली होती, आणि हेडमास्तरांना ती चांगली ठाऊक होती. ताकीद त्यांच्याच सहीची आहे. लढाईच्या दिवसांत जगूनं एकदा वर्गाला सांगितलं, "कुंडी आणि फुलदाणी पुरे झाली. आज आपापल्या घरातलं भूत काढा." पोरांनी दात-नखं काढली, एकानं आत्या काढली. एका मुलीनं फक्त लोखंडी ट्रंक काढली, कुलूप लावलेली, वर पलटणीचा नंबर. तिचा बाप पलटणीत होता आणि बरेच महिने पत्र नव्हतं. जगूनं त्या चित्राला वर्गातले सगळ्यांत जास्त गुण दिले आणि ते भिंतीवर लावलं. दुसऱ्या दिवशी ते भिंतीवर नव्हतं आणि जगूच्या हातात 'विद्यार्थ्यांच्या मनावर अनिष्ट परिणाम' असा कागद होता. नोकरी जाता जाता वाचली. पत्रिकेत याचा उल्लेख नाही, हे सांगायला नकोच.

आता माझ्या चुकीबद्दल. त्याच सुमारास रहिमानभाईंकडं एक घरगुती पट आला. सासूच्या चहाड्यांमुळं नवरा बायकोशी अबोला धरतो. चौथ्या रिळात तिच्याकडं न बघता घराबाहेर पडतो. पुढं सहा रिळं दोघं एका घरात राहून एकमेकांशी बोलत नाहीत. अकराव्यात ती मरते आणि नवरा रडतो. साधी गोष्ट. पण फलाटावर डबे भिजले आणि दोन डब्यांवरचे खडूचे आकडे पुसले गेले. गाडी सुटायची वेळ. मी अंदाजानं एकावर चार आणि दुसऱ्यावर अकरा घातला, आणि अंदाज नेमका उलटा पडला.

त्या संध्याकाळी कोरेगावात मी तंबूत होतो. बाई चौथ्याच रिळात मेली. चिता पेटली. बत्ती लागली, विझली, आणि पाचव्या रिळात तीच बाई स्वयंपाकघरात तांब्या विसळत बसलेली! तंबूत असा आवाज उठला की बाहेरचे बैल बुजले. ती नवऱ्याला पाणी देते, तो घेत नाही. ती त्याच्या मागं उभी राहते, तो वळत नाही. अबोला होता हो तो! पण कोरेगावला तो अबोला कसा दिसणार? पाचवं रीळ संपल्यावर कुणीतरी ओरडलं, "मास्तर, चुकलंय काय तरी!" जगू उठून उभा राहिला. त्याचे डोळे मी तसे कधी पाहिले नव्हते. "गप बसा," तो म्हणाला. "काय चुकलं न्हाई. ती मेलीया. त्याला दिसत न्हाई, तुमाला दिसतीया."

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी बोलली. वाडीवरून यायची, डोळ्यांनी अधू, पडदा तिला धुरकट दिसे आणि येता-जाता खुर्चीवरचा कोट तेवढा ओळखू येई. "आवं मास्तर, तिला कळलंय का, ती मेलीया त्ये?"

"न्हाई, आज्जी," जगू म्हणाला. " तिला कुनी सांगितलंच न्हाई."

त्यानंतर तंबूनं उरलेला पट भुताचाच म्हणून बघितला. शेवटच्या डब्यात चौथं रीळ होतं : नवरा तिच्याजवळून न बघता निघून जातो आणि ती दारात उभी राहते. खेळ संपला. बायका डोळे पुसत घरी गेल्या. पुढच्या वर्षी गावानं तोच पट मागितला, आणि 'कोरेगावी लावा', म्हणजे त्याच उलट्या क्रमानं, म्हणून बजावलं. जगूच्या मते आपल्याकडं झालेला तो एकमेव खरा भुताचा चित्रपट. चूक माझी होती, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. रेल्वेचं काम, वर कळलं तर... म्हणून गप्प. गप्प बसायची माझी सवय जुनीच आहे.

तीन महिन्यांपूर्वी तो मिरजेला दवाखान्यात छाती दाखवायला आला. तपासणी झाल्यावर ऑफिसात येऊन एका गठ्ठ्यावर बसला. डॉक्टर काय म्हणाले विचारलं, तर म्हणतो, "सांगलीला दुपारच्या खेळाला आपलं पिक्चर लागलंय. चल." गेलो. पक्कं थिएटर, वर पंखे, आणि पट नीट, क्रमानं. चौथं रीळ संपलं तरी बाई जिवंत! जगू खुर्चीवरून उठून ओरडला, "चुकीचं लावलंय!" दारावरच्या माणसानं आम्हाला हात धरून बाहेर काढलं. बाहेर उन्हात जगू धापा टाकत उभा होता, हसतही होता आणि चिडलाही होता. "आरं, नुसतं नवरा-बायकूचं भांडान हाय त्ये! चांगलं भूत हुतं, मारून टाकलं." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझा चार मी वळखतो. खालची गाठ कायम सुटल्याली असती. अठरा वर्सं अक्षरं तपासतोय मी. त्या दिशीच डब्यावर बघितला हुता. तवापास्नं तुला डायरेक्टरसाहेब म्हनतोय, आन् तुला वाटतंय चेष्टा हाय." त्या दिवसानंतरच्या प्रत्येक कार्डावर 'डायरेक्टरसाहेब' लिहिलेलं असायचं. मला खरंच चेष्टा वाटत होती. छातीचं काय, ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि मीही धरून विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात तंबू कोरेगावला आला. मी रजा टाकली आणि आधी जगूच्या घरी वहिनींकडं गेलो. त्यांनी आतून कोट आणून माझ्या हातात दिला. बाहीला अजून खडूची पूड होती. "भावजी, थोरल्या दिरांनी कापडं वाटायला सांगितल्यात," त्या म्हणाल्या. "मी ह्यो लपीवला. तंबूत न्या. खुर्ची मोकळी दिसाय नगं. आन् परत आनू नगा, हितं ऱ्हायचा न्हाई त्यो." मी पत्रिका त्यांना दाखवली नव्हती, पण त्यांनी ती बघितली होती. "ह्यातला मानूस कोन, म्या वळखत न्हाई," एवढंच बोलल्या.

रहिमानभाईंनी तिसरी खुर्ची राखून ठेवली होती आणि पट तोच, कोरेगावी. मी कोट अडकवला आणि मातीवर मांडी घातली. पाचवं रीळ संपलं. बत्ती लागली. सगळ्यांनी सवयीनं पाठ फिरवली, आणि मग कुणाला कुठं बघावं कळेना. एवढ्यात कनातीपलीकडून त्याच म्हातारीचा आवाज आला, "आवं मास्तर, तिला कळलंय का, ती मेलीया त्ये?"

वाडीवर बातमी पोचली नव्हती. तंबूभर माणसं माना खाली घालून बसली. शोकसभेत माझी वाचा बसली होती, ती इथंही बसली असती, तर मी स्वतःला माफ केलं नसतं. मी उभा राहिलो आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "न्हाई, आज्जी. तिला कुनी सांगितलंच न्हाई."

खेळ सुटल्यावर मी तिला बाहेर गाठलं आणि मास्तर गेल्याचं सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मग त्यो खुर्चीवरचा कोट कुनाचा?"

"मास्तरांचाच."

"मग आल्यात की," म्हातारी म्हणाली, आणि वाडीच्या वाटेला लागली.

कोट मी रहिमानभाईंकडंच ठेवला. सध्या तंबू फलटणला आहे. तिथंही पुढून तिसऱ्या खुर्चीवर तो अडकवलेला असतो आणि त्या खुर्चीचं तिकीट कुणाला देत नाहीत. हेडमास्तरांना शिंगटे मास्तर कोणते चित्रपट बघत हे खरोखर जाणून घ्यायचं असेल, तर त्यांनी फलटणला जावं. बसायला मात्र जमिनीवर बसावं लागेल.