उघड्या हातांनी

माझ्या दोन्ही हातांवर कोड आहे. एवढं साधं वाक्य लिहायला मला सोळा वर्षं लागली. आई होती तोवर तिने माझ्या प्रत्येक ब्लाउजला मनगटापर्यंत बाही शिवली. बोटांचं काय करायचं, ते तिलाही सुचलं नाही. मग मी उन्हाचे हातमोजे घालायला लागले आणि घालतच राहिले.

रत्नागिरीत एका बाईंकडे मी उकडीचे मोदक वळायला जात होते. मोज्यांनी कळ्या धड पडत नाहीत, म्हणून एक दिवस मोजे काढले, आणि नेमकं बाईंनी पाहिलं. ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "असं कर, तू आजपासून भांड्यांकडे बघ. नैवेद्याचं काम आहे गो, गिऱ्हाईक काय म्हणेल?" कोड लागत नाही, हे मला तोंडपाठ होतं. तरी उठून भांड्यांकडे गेले. चार दिवस भांडी घासली आणि घरी बसले. त्याच वर्षी आई गेली.

दर संकष्टीला मी गणपतीपुळ्याला जायची. मागणं एकच, डाग जाऊ देत. डाग मात्र कोपरापर्यंत चढले. शेवटी एका संकष्टीला ठरवूनच गेले की आज देवाला सांगून टाकायचं, पुरे झालं, मी काही पुन्हा येत नाही. रुसण्याइतकं तरी नातं उरलं होतं म्हणायचं. नेहमीसारखे मोज्यांतलेच हात जोडले आणि सवयीने प्रदक्षिणेला निघाले.

डोंगराला वळसा घालणाऱ्या त्या वाटेवर, उताराशी एक म्हातारी कठडा धरून उभी होती. "गो बाय, जरा हात दे. पाय थरथरतायत." मी हात पुढे केला. "मोजे काढ आधी. सुळसुळीत लागतायत, पाडशील मला." काय करणार? काढले. तिने माझ्या हाताकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं, आणि बोटांत बोटं अडकवून चालायला लागली. आईनंतर माझा हात असा कोणी धरला नव्हता. मी रडत होते आणि ती मला यंदा फणस किती कमी धरलेत ते सांगत होती. मिरजोळ्यात घरामागच्या शेडमध्ये ती पाच बायका घेऊन फणसपोळी करते. सगळ्या तिला काकी म्हणतात. रिकामी असशील तर ये, म्हणाली.

"काकी, माझे हात पाहिलेत ना?"

"पाहिले म्हणून तर सांगतंय. बोटं लांब हायत तुझी. पोळी वाळली का ते बोटाला कळतं, मोज्याला काय कळणार?"

मी शेडमध्ये जायला लागले. तिथे सगळं गोड आहे असं नाही. एक जण अजून माझ्या डब्यातली भाजी घेत नाही. पण बौद्धवाडीतली सुमन रोज माझ्याच शेजारी जेवायला बसते. ती देवाला हात जोडत नाही आणि तिला कोणी जोडायला लावतही नाही. डाग आता गळ्यापर्यंत आलेत. काही सकाळी आरशासमोर जीव नकोसा होतो. तरी शेडच्या नळावर हात धुते, बाह्या वर सारते आणि कामाला लागते.

भाद्रपदात काकींच्या घरी गणपती आला. त्यांनी उकडीची परात माझ्यापुढे सरकवली. "एकवीस तूच वळ."

"काकी, नैवेद्याचे आहेत."

"मग? देवाला तुझे हात नवीन हायत काय?"

मी मान खाली घालून वळत राहिले. देवासमोर इतकी वर्षं मोजे घालून उभी राहिले, ते त्याच्यापासून काय लपवत होते, कोण जाणे. काकींना त्या वाटेवर त्यानेच उभं केलं का, हे मी कोणाला पटवायला जात नाही. मी मागितलं ते त्याने दिलं नाही, आणि जे दिलं ते मागायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

ताट ठेवलं आणि पहिल्यांदाच उघडे हात जोडले. डाग जाऊ देत, हे म्हणायचं राहूनच गेलं. तू ठेवशील तशी राहीन, एवढंच म्हणाले. आईने मात्र हे बघायला हवं होतं.