बटणं दाबणारी बाई

ऑफिसात त्यांना सगळे लिंकताई म्हणायचे. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. ऑफिस नकाशे बनवणारं, वरच्या मजल्यावर बत्तीस संगणक, आणि त्यातला एकही ताईंशिवाय धड चालत नसे. प्रोग्रामर मंडळी सगळं स्वतः थोडंच लिहितात! कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेले प्रोग्रामचे तयार संच, म्हणजे लायब्ररी, नेटवरून उतरवून घ्यायच्या आणि त्यांच्या जिवावर आपला प्रोग्राम चालवायचा. पण या लायब्ररी म्हणजे एकेक रुसूबाई. एकीची नवी आवृत्ती आणली की दुसरी फुगणार, दुसरीला खूश केलं की तिसरी बंद पडणार. अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून ताईंनी या जावा-जावांना एका घरात नांदवलं होतं.

ते घर म्हणजे ताईंचा स्वतःचा फोल्डर. कारण सर्वांसाठीच्या जागेचा पासवर्ड साहेबांनी त्यांना कधी दिलाच नाही. सात वेळा मागितला, सातही वेळा एकच उत्तर. "तुमच्याच फोल्डरात टाका की, बिघडतं कुठे?" मग ताईंनी सगळं आपल्याकडे ठेवलं आणि बाकीच्यांच्या फोल्डरात नुसती लिंक टाकली. लिंक म्हणजे दारावरची पाटी हो, 'सामान शेजारच्या घरात आहे' असं सांगणारी. सामान एका जागी, पाट्या शेकड्यांनी.

अशात साहेबांचा मेहुणा नोकरीला लागला. वार्षिक सभेत साहेबांनी त्याला ताईंच्या खुर्चीवर बसवल्याचं जाहीर केलं आणि ताईंची रवानगी तळमजल्यावर, जुन्या फायलींच्या खोलीत. वर भर सभेत हसत म्हणाले, "तसं त्या कामात आहे काय? दुसऱ्यांनी केलेलं उतरवायचं आणि बटणं दाबायची!" सगळे हसले. ज्यांची यंत्रं ताईंनी जेवण टाकून सुरू करून दिली होती, तेही हसले.

घरी आल्यावर ताईंनी पर्स टेबलावर आपटली. "अकरा वर्षं! आणि मी बटणं दाबणारी बाई?"

"अगं, सोडून दे ना," नवरा म्हणाला.

"सोडते बरी! हे शब्द त्यांच्याच घशात घातले नाहीत तर नावाची नाही मी."

पण कामात खोट ठेवणं ताईंच्या रक्तात नव्हतं. जाताना त्यांनी चौदा पानांचं टिपण लिहिलं, कुठली लायब्ररी कुठल्या क्रमानं बसवायची इथपासून सगळं. टिपणाची एक प्रत मेहुण्याला दिली. दुसरी प्रत आणि एक टेप लावलेलं पाकीट साहेबांच्या हातात ठेवलं, पाकिटावर 'मिळालं' म्हणून त्यांची सही घेतली. साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही केली आणि पाकीट खणात सारलं. मेहुण्याच्या प्रतीवर दुसऱ्याच दिवशी चहाच्या कपाचे गोल उमटले.

आठवड्याभरानं त्यानं ताईंना वर बोलावलं. "ताई, सगळ्यांच्या फोल्डरांतलं नव्या जागी कॉपी केलंय. तुमचा जुना फोल्डर उडवतोय. म्हटलं, कानावर घालावं."

"किती वेळ लागला कॉपीला?"

"दोन सेकंद!"

ताई पडद्याकडे बघत राहिल्या. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण होता, लिंकची खूण. उंटावरच्या शहाण्यानं सामान हलवलंच नव्हतं, नुसत्या पाट्या काढून नव्या घराला लावल्या होत्या. एक वाक्य बोलल्या असत्या तरी पुढचं टळलं असतं. ते अगदी ओठांवर आलं होतं.

"टिपण वाचलंत का?" त्यांनी एवढंच विचारलं.

"त्यात काय वाचायचं? बटणं मलाही दाबता येतात."

"मग दाबा," ताई म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

तासाभरात बत्तीसही पडदे लाल झाले. मेहुण्यानं नेटवरून लायब्ररी पुन्हा उतरवल्या, तर सगळ्या नव्या आवृत्तीच्या. जुन्या प्रोग्रामांशी एकीचंही पटेना. दोन दिवस गेले. सोमवारी नकाशे द्यायचे होते. ताई खाली फायली लावत होत्या, आणि खोटं कशाला बोला, मनातून जाम खूश होत्या.

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः खाली आले. तोंडचं पाणी पळालेलं. "ताई, काहीतरी करा हो."

"करते. पण आधी माझं टिपण सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. तुम्ही स्वतः."

वाचलं बिचाऱ्यांनी. हॉलमध्ये उभं राहून, मेहुण्याच्या प्रतीतून, कपाच्या डागांसकट. नवव्या पानावर होतं, 'माझा फोल्डर पुसू नका, सगळ्या लिंक तिथेच येतात.' मेहुणा बूट बघत राहिला. आणि शेवटच्या, चौदाव्या पानावर होतं, 'सर्व लायब्ररींचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन साहेबांकडे पाकिटात दिला आहे.'

खणातून पाकीट आलं. टेप तशीच होती, वर सहीसुद्धा. मागून कुणीतरी म्हणालं, "काखेत कळसा!" या वेळी मात्र हसायची कुणाची छाती झाली नाही.

साहेबांनी पाकीट ताईंपुढे धरलं. ताईंनी ते घेतलं नाही. त्या मेहुण्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या, तो उठला, आणि त्या आपल्या खुर्चीत बसल्या. शेजारचं स्टूल त्यांनी पायानं साहेबांकडे सरकवलं आणि कीबोर्डही त्यांच्यापुढे ढकलला.

"बसा साहेब. मी सांगते, तुम्ही दाबा."

संध्याकाळपर्यंत साहेब बटणं दाबत होते.