गुरुजी शिरूरला पत्ते खेळतात

आमच्या घरात कुठलंही यंत्र येण्याआधी त्याच्याबद्दलचं मत यायचं. मिक्सर घ्यायचं ठरलं तेव्हा गुरुजी, म्हणजे माझे यजमान, म्हणाले होते की आता वाटणाची चव गेली म्हणून समजा. त्यांनी जन्मात पाट्याला हात लावला नव्हता, पण चवीची काळजी त्यांनाच जास्त. रंगीत टीव्हीनं डोळे जातात, कॅल्क्युलेटरनं पाढे जातात आणि मोबाईलनं माणूस खोटारडा होतो, ही त्यांची त्यापुढची मतं. शेवटचं तेवढं मला पटायचं. यष्टीत शेजारी बसलेला माणूस वाटेतल्या न्हावऱ्यातच असताना फोनवर "शिरूरला पोचलोय" म्हणताना मी स्वतः ऐकला होता.

आम्ही दोघंही मांडवगण फराट्याच्या मराठी शाळेत. ते चौथीला शिकवायचे, मी पहिलीला. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं आणि मला बाई. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा वरून पत्रक आलं: सगळ्या शिक्षकांनी कॉम्प्युटरची परीक्षा पास व्हायची, नाहीतर पगारवाढ बंद. आमच्या शाळेत तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. दोन खोल्यांमध्ये तर दिवाही नव्हता. पण जी वस्तू आमच्याकडे नाही ती आम्हाला चालवता येते का, हे कळणं मात्र फार तातडीचं होतं.

"चाळीस पोरं सांभाळणाऱ्या माणसाला एक डबा सांभाळता येतोय का, याची परीक्षा!" गुरुजी म्हणाले. मत देऊन झालं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही शिरूरला जाऊन नाव घातलं.

क्लास स्टँडच्या मागं, खताच्या दुकानाच्या माडीवर होता. त्यामुळं माझ्या डोक्यात कॉम्प्युटरचा म्हणून जो वास बसलाय तो युरियाचा आहे. कॉम्प्युटर दहा, चालणारे सहा. कुठल्याशा कंपनीनं भंगारात काढलेले ते डबे इथं येऊन विद्यादान करत होते. तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखे पिवळे पडलेले, आणि सुरू होताना म्हातारा खाटेवरून उठावा तसे कण्हणारे. माझ्या वाट्याला आलेल्या मशीनचं मधलं लांब बटण दाबलं की खालीच राहायचं. ते दर वेळी नखानं वर ओढावं लागे.

शिकवायला एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती. सगळे तिला मॅडम म्हणायचे. ती गुरुजींची जुनी विद्यार्थिनी निघाली. सतराच्या पाढ्यासाठी त्यांनी तिला चौथीत बराच वेळ उभं केलं होतं, हे दोघांनाही लख्ख आठवत होतं. पहिल्या दिवशी गुरुजी उभे असताना तिला बसवेना आणि मॅडम उभ्या असताना विद्यार्थ्यानं बसणं गुरुजींच्या शिस्तीत बसेना. मी मात्र बसून घेतलं.

लिहायच्या अभ्यासात गुरुजींना तोड नव्हती. कॉम्प्युटरचे भाग किती, ते कोणते, तो बंद करण्याच्या पायऱ्या क्रमानं सांगा, सगळं तोंडपाठ. घरी सरावाला त्यांनी ड्रॉइंगच्या कागदावर कीबोर्ड काढला आणि अक्षरं ओळीनं का नाहीत म्हणून तासभर चिडले. "वर्गात पोरं अशी बसवली असती तर साहेबांनी मला मेमो दिला असता." तरी कागदावर बोटं सुरेख चालायची. भानगड होती ती माऊसची. डबल क्लिक म्हणजे लागोपाठ दोनदा दाबायचं. गुरुजी पहिल्यांदा सोमवारी दाबल्यासारखे दाबत आणि दुसऱ्यांदा मंगळवारी. एखादी गोष्ट पकडून ओढत न्यायची म्हटली की अर्ध्या वाटेत त्यांचं बोट सुटे.

मॅडमनी त्यावर उपाय सांगितला. "गुरुजी, यात पत्त्यांचा डाव आहे. आठवडाभर तो खेळा, हात बसतो. आम्ही सगळ्यांना तेच देतो."

गुरुजी माऊसवरचा हात काढून घेऊन म्हणाले, "मी पत्ते खेळू?"

त्यांचा आवाज असा का झाला, ते मला माहीत होतं. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या ओट्यावर दिवसभर पत्ते पिसणारी मंडळी गुरुजींनी दोन वर्षं भांडून उठवली होती. विहारात दर रविवारी वंदना झाली की व्यसनांवर बोलायचे, त्यात निम्मं भाषण पत्त्यांवर. शेवटी ओट्यावर मुलांची अभ्यासिका सुरू झाली आणि पत्तेवाले नदीच्या वाटेवरल्या बाभळीखाली गेले. त्यांतले वयानं मोठे एक आबा होते. ते गुरुजींशी कधी वाईट बोलले नाहीत, पण रस्त्यात भेटले की "बाभळीला सावली कमी हाय, गुरुजी" एवढं न चुकता सांगायचे.

तर गुरुजींनी तत्त्व सोडलं नाही. मला तत्त्व नव्हतं, फक्त पास व्हायचं होतं. मी पत्ते हातात कधी धरलेच नव्हते. मॅडमनी शिकवलं की काळ्यावर लाल, लालवर काळा, उतरत्या क्रमानं. तीन दिवसांत मला त्याची गोडी लागली. पहिल्यांदा डाव पुरा झाला तेव्हा सगळे पत्ते टणाटण उड्या मारत खाली सांडायला लागले. मला वाटलं मशीन मोडलं. मी घाबरून ओरडले, "मॅडम, काहीतरी फुटलं!" त्या हसून म्हणाल्या, "बाई, तुम्ही जिंकलात." शेजारच्या मशीनवर गुरुजी मान न वळवता एकच फाईल दहाव्यांदा ओढत होते.

परीक्षा कॉम्प्युटरवरच होती आणि निकालही तिथंच लागला. मी पास. गुरुजींना सगळी उत्तरं येत होती, पण उत्तरावर बाण नेऊन ठेवीपर्यंत वेळ पळत होता. शेवटी फाईल एका कप्प्यातून दुसऱ्यात न्यायची होती, ती चार वेळा वाटेत सांडली आणि पाचव्यांदा कुठं गेली ते परीक्षकालाही सापडलं नाही. ते नापास झाले.

परतीच्या यष्टीत न्हावरं आल्यावर ते म्हणाले, "मशीन जुनं होतं."

"माझं काय नवं होतं?" मी म्हणाले. म्हणायला नको होतं. पण वीस वर्षं माझ्या वर्गातली पोरं त्यांच्याकडे गेल्यावर ते म्हणत आले होते की पाया कच्चा आहे. त्या दिवशी मला आवरलं नाही. मांडवगण आलं तेव्हा उतरता उतरता मी म्हणाले, "आठवडाभर पत्ते खेळा. कोण बघतंय शिरूरला?"

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते एकटेच गेले. मॅडमनी त्यांना लाज वाटू नये म्हणून कोपऱ्यातलं, भिंतीकडे तोंड असलेलं मशीन दिलं. त्यामुळं गुरुजींना कोणी दिसत नव्हतं, पण दारातून आत येणाऱ्याला त्यांचा पडदा स्वच्छ दिसत होता.

त्या दिवशी आबा नातीचं नाव घालायला तिथं आले. मॅडमनी नंतर मला सगळं सांगितलं. आबा दारात थांबले, चपला काढल्या आणि हळूच गुरुजींच्या मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. गुरुजी अडले होते. शेवटी आबांना राहवलं नाही.

"गुरुजी, काळी दश्शी हाय न्हवं? लाल नव्वी बसती की तिच्यावर."

गुरुजी ताडकन उठले. बंद करण्याच्या पायऱ्या तोंडपाठ होत्या, त्यांतली एकही आठवेना. मग ते पडद्याला पाठ लावून उभे राहिले, नक्कल करताना धरलेलं पोर वही झाकतं तसे.

गुरुजी यष्टीनं यायच्या आत बातमी गावात येऊन पोचली होती. मोबाईलचे उपयोग. "गुरुजी शिरूरला जाऊन पत्ते खेळत्यात" हे मला पिठाच्या गिरणीवर तिघींनी वेगवेगळं सांगितलं. एकीच्या मते तर क्लासच्या नावाखाली तिथं अड्डाच होता. गुरुजी घरी आले, हातपाय धुतले आणि न जेवता भिंतीला टेकून बसले. मला वाईट वाटलं. सल्ला माझा होता.

रविवारी सकाळी विहारात निघालो तर पत्तेवाले समाजमंदिराच्या ओट्यावर परत आलेले. चटई टाकून डाव मांडलेला. गुरुजी थांबले. मी आणि चार-पाच बायका मागं उभ्या राहिलो.

"काय आबा, इथं?"

"सरकारनंच शिकवायला घेतलंय म्हनं, गुरुजी. मंग आमालाच का उठवलं?"

"ते वेगळं असतं. एकट्यानं खेळायचं असतं."

"एकट्यानं?" आबांनी हातातले पत्ते खाली ठेवले. "मंग हरतं कोन?"

"मीच."

"आन् जिकलं तर?"

"तरी मीच."

"मंग खेळायचं कशापायी?"

गुरुजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता यंत्रांवरचं भाषण सुरू होणार. पण ते म्हणाले, "मी नापास झालोय, आबा. बाई पास झाल्या, मी न्हाई. माझा हात बसत न्हाई त्या माऊसवर. म्हणून मॅडमनी पत्ते दिलेत."

ज्याच्यापुढं चौथीच्या वर्गाची गाळण उडायची तो माणूस नापास! आधी बायका हसल्या, मग ओटा हसला. गुरुजींचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत. हसणं संपेपर्यंत तिथंच उभे राहिले. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला; घरी मात्र तसं काही सांगितलं नाही.

आबांनी पत्ते गोळा केले. "उठा रं," ते बाकीच्यांना म्हणाले, "पोरं यायची येळ झाली अभ्यासाला." आणि जाता जाता गुरुजींना, "घाई करू नगा. हात बसतोय हळूहळू."

मग गुरुजी उघड जायला लागले, उघड खेळायला लागले. दुसऱ्या खेपेला काठावर पास झाले. यष्टीतून उतरल्यावर चार लोकांनी विचारलं, चौघांनाही त्यांनी मार्कांसकट सांगितलं.

पास होण्याचं बक्षीस मला लगेच मिळालं. केंद्रप्रमुखांकडे आजूबाजूच्या सगळ्या शाळांची माहिती कॉम्प्युटरवर भरायचं काम आलं होतं. त्यांनी प्रमाणपत्रं बघितली, माझे मार्क सगळ्यांत जास्त निघाले आणि काम माझ्या पदरात पडलं. गुरुजींचे मार्क कमी, म्हणून त्यांना त्रास देणं बरं दिसलं नसतं. दोन महिने मी दर रविवारी शिरूरला जाऊन युरियाच्या वासात दुसऱ्यांच्या शाळांतले वर्ग, फळे आणि नळ मोजत बसले.

त्या सगळ्या रविवारी स्वयंपाक गुरुजी करायचे. भाकरी जाड व्हायची आणि एका बाजूनं कच्ची राहायची. मी ती मुकाट्यानं खायचे. ते समोर बसून विचारायचे, आज किती शाळा झाल्या, आणि मी सांगितलेला आकडा ऐकून ताटात आणखी एक भाकरी वाढायचे.